मातीचा कोट : त्रिपुरी, पवनी आणि हेन डोमेन



ज्या जबलपूर नगरात मदनमहालासारखी वास्तू एका अजस्र शिळेवर उभी आहे, आणि ज्याच्या उशाशी भेडाघाटची संगमरवरी कडेकपार व चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे, त्या नगरात येऊन मातीच्या ढिगांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. दुर्ग म्हटला की आपल्या मराठी मनापुढे सह्याद्रीचा काळा कातळ उभा राहतो. रायगड, राजगड, प्रतापगड यांच्या बुरुजांची घडण, त्यांच्या दरवाजांची गोमुखी रचना आणि त्यांची खोदीव टाकी यांचा अभिमान आपल्याला बालपणापासून दिला गेला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मनुष्याने स्वतःच्या आणि स्वतःच्या धान्याच्या रक्षणासाठी आजवर जे कोट उभारले त्यांतील फार मोठा भाग दगडाचा नव्हता, तर माती आणि लाकूड यांचा होता. लाकूड कुजले किंवा जळाले, माती पावसाने ढासळली, आणि जिथे एके काळी शिबंदी राबत होती, दिंड्या-दरवाजे उघडमीट होत होते, तिथे आज एक गवताळ उंचवटा आणि त्याच्या पायथ्याशी एक अर्धवट बुजलेला खळगा एवढेच शिल्लक राहिले. हा उंचवटा आणि हा खळगा ताम्रपटाच्या किंवा शिलालेखाच्या बरोबरीचा दस्तऐवज आहे, असे मला आज प्रतिपादन करावयाचे आहे. ताम्रपट मात्र मूळ जागेवरून उचलून वस्तुसंग्रहालयात नेला तरी वाचता येतो. मातीतील लेख जिथे आहे तिथेच वाचावा लागतो, आणि ती माती हलली की तो कायमचा पुसला जातो.

आरंभ दूरदेशीच्या एका उदाहरणाने करतो. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सरहद्दीवर, सेव्हर्न नदीच्या एका उताराजवळ, हेन डोमेन नावाचे एक स्थळ आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि त्यानंतर वेल्सच्या सीमेवरील मुलूख सांभाळण्यासाठी त्याने आपल्या विश्वासातील सरदारांना मोठमोठ्या जहागिरी दिल्या. त्यांपैकी श्रूसबरीची जहागीर रॉजर द मॉन्टगोमेरी याला मिळाली. त्याने नदीच्या उतारावर नजर ठेवण्यासाठी 1070 नंतरच्या चार-पाच वर्षांत हा कोट बांधविला आणि नॉर्मंडीतील आपल्या घराण्याच्या गावाचेच नाव त्याला दिले. 1086 साली विल्यमच्या हुकुमाने साऱ्या इंग्लंडची जी जमाबंदी झाली, तिच्यात या कोटाचा उल्लेख आहे. कोट बांधण्याची पद्धत त्या काळी रूढ असलेलीच होती : खोल वर्तुळाकार खंदक खणावयाचा, त्यातून निघालेली माती मध्यभागी रचून तिचे उंच टेकाड करावयाचे, त्याच्या माथ्यावर लाकडी माडी व भोवती मेढेकोट उभारावयाचा, आणि टेकाडाच्या शेजारी तट-खंदकांनी वेढलेले एक प्रशस्त आवार राखून त्यात सैनिक, घोडे, कोठार, मुदपाकखाना यांची सोय करावयाची. खणणारे हात पुष्कळ असतील तर असा कोट एका हंगामात उभा राही, आणि परक्या मुलखात जेमतेम पाय रोवलेल्या सैन्याला त्या वेगाचीच गरज होती. बायो येथील त्या प्रख्यात भरतकामात हेस्टिंग्जचे असे टेकाड रचणारे मजूर कुदळ-फावड्यांसह दाखविले आहेत, आणि दुसऱ्या एका प्रसंगात दीनां नावाच्या गावच्या मेढेकोटाला पलिते लावणारे सैनिकही दाखविले आहेत. या दुर्गप्रकाराचे बळ आणि त्याचे मर्म अशी दोन्ही एकाच पटावर आली आहेत.

रॉजरच्या कोटाचा पुढील इतिहास खडतर आहे. 1095 साली वेल्सच्या लोकांनी तो घेऊन आतील शिबंदी कापून काढली. पुढे रॉजरच्या वंशजांनी बंड केल्यामुळे राजाने त्यांची जहागीर जप्त केली आणि हा कोट बॉल्डविन नावाच्या सरदाराकडे गेला. 1223 साली तिसऱ्या हेन्रीने जवळच्याच खडकावर नवा दगडी किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा जुन्या कोटाचे राजकीय महत्त्व संपले. तरी नदीच्या उतारावरील चौकी म्हणून तो सुमारे 1300 पर्यंत वापरात राहिला. त्याच उतारावर 1267 साली हेन्री आणि वेल्सचा राजपुत्र लिवेलिन यांच्यात तह झाला. म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षे हा कोट लाकडाचाच राहिला, पुन्हा पुन्हा बांधला गेला, आणि शेवटी शेतकऱ्याच्या कुरणात मिळून गेला.

1960 साली फिलिप बार्कर या संशोधकाने तिथे पहिली कुदळ मारली, आणि 1992 पर्यंत, म्हणजे एका माणसाच्या कर्त्या आयुष्याचा बहुतेक सारा काळ, दरवर्षी थोडे थोडे करीत हे उत्खनन चालले. रॉबर्ट हायम हे पुढे त्यांचे सहकारी झाले. या दीर्घ श्रमातून आवाराचा जेमतेम अर्धा भाग उघडला गेला, आणि तो मुद्दाम तितकाच उघडला गेला, कारण उरलेला भाग अधिक चांगली साधने असलेल्या पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावयाचा होता. या संयमाचे मला अत्यंत कौतुक वाटते. जमिनीत लाकूड बहुतेक उरलेच नव्हते. उरले होते ते खांबांचे खड्डे, आडव्या तुळयांचे ठसे, खड्यांच्या फरसबंदीतील फिकट रेषा आणि मातीच्या रंगातील सूक्ष्म भेद. त्यांवरून एकाच आवारात एकावर एक झालेल्या बांधकामांच्या निरनिराळ्या पिढ्या, कोठार, प्रार्थनामंदिर, टेकाडावर चढणारा लाकडी पूल आणि त्याच्या वारंवार झालेल्या दुरुस्त्या यांचा उलगडा झाला. लहानशा आवारात इमारतींची एवढी दाटी होती, याची आधी कोणालाच कल्पना नव्हती. दागिने, नाणी, उंची भांडी अशा वस्तू मात्र फारच थोड्या सापडल्या, आणि त्यावरून सीमेवरील त्या सरदारांचे जीवन किती रूक्ष होते हे कळले. सर्वांत मोलाची गोष्ट तटाच्या खाली होती. कोट बांधण्यापूर्वी त्या जागी नांगरट होत असे, आणि त्या शेतातील सरी-वरंबे तटाच्या मातीखाली जसेच्या तसे झाकले गेले होते. विजेत्याने जमीन दडपली, आणि दडपताना पराभूताच्या शेताचा पुरावा त्याने अजाणता सांभाळून ठेवला.

आता हे वेल्सचे प्रकरण आपल्या कोणत्या कामाचे, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे की या दोन देशांच्या पुरातत्त्वविद्येत एक जिवंत दुवा आहे. 1944 साली भारतीय पुरातत्त्व खात्याची सूत्रे ज्यांच्या हाती आली, ते मॉर्टिमर व्हीलर 1920 ते 1926 या काळात कार्डिफच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात होते, आणि वेल्समधील सेगोन्शियम व ब्रेकन येथील रोमन छावण्या त्यांनी खणल्या होत्या; त्या छावण्यांचे पहिले तट मातीचे आणि लाकडाचेच होते. पुढे इंग्लंडात मेडन कॅसल येथील प्रचंड मृत्तिकातट त्यांनी छेदून पाहिले. तीच दृष्टी घेऊन ते हिंदुस्थानात आले, तक्षशिलेला त्यांनी तरुण विद्यार्थ्यांची शाळा भरविली, आणि तट उभा छेदून त्याचे थर वाचावयाचे, ही शिस्त त्या पिढीला लावली. 1948 साली ओरिसातील शिशुपालगड येथे बी. बी. लाल यांनी मातीच्या तटाचा जो छेद घेतला तो याच परंपरेतील होय.

दुसरे उत्तर अधिक जुने आहे. खंदकातून निघालेल्या मातीनेच तट रचावा, हे तंत्र नॉर्मन सरदारांच्या कितीतरी शतके आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शास्त्र म्हणून सांगितलेले आहे. दुर्गविधानाच्या अध्यायात तीन परिखा, त्यांच्या रुंदीची प्रमाणे, त्यांतील मातीचा सहा दंड उंचीचा वप्र, तो हत्ती आणि बैल यांच्याकडून तुडवून घट्ट करण्याची रीत, त्यावर काटेरी झुडुपे आणि विषारी वेली लावण्याची सूचना, असा सारा तपशील दिला आहे. लाकडाचा प्राकार मात्र कौटिल्याने आगीच्या भयास्तव स्पष्टपणे त्याज्य मानला. आश्चर्य असे की कौटिल्याचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते त्या मौर्यांच्या पाटलिपुत्राला लाकडी तट होता, असे मेगास्थनीसच्या वृत्तांतावरून कळते, आणि पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात जाड लाकडी खांबांच्या दुहेरी रांगा प्रत्यक्ष सापडल्याही. शास्त्र आणि वहिवाट यांच्यात अंतर असते. गंगाकाठच्या प्रदेशात दगड दूर आणि सालवृक्षांची अरण्ये जवळ होती, एवढे कारण त्याला पुरेसे आहे. उज्जयिनीचा प्राचीन तटही मातीचाच, आणि क्षिप्रेच्या अंगाला त्याला लाकडी ओंडक्यांचा आधार दिलेला आढळला.

आपल्या जवळचे म्हणावे तर सागर जिल्ह्यातील एरण घ्या. बीना नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या स्थळी 1960 नंतर सागर विद्यापीठातर्फे कृष्णदत्त वाजपेयी यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील लोकांनी चौथी बाजू मातीच्या भक्कम तटाने आणि खंदकाने बंद केल्याचे दिसून आले. एरण म्हटले की आपण गुप्तकालीन महावराह आणि इ.स. 510 मधील गोपराजाचा स्मृतिस्तंभ यांच्याकडे धाव घेतो. पण तो वराह कोरला जाण्यापूर्वी सुमारे दोन सहस्रके, ज्यांचे नाव आपणांस माहीत नाही अशा माणसांनी नदीचा बाक हेरून तिथे माती रचली, आणि त्या मातीने त्यांच्यासंबंधी जे सांगितले ते सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

मातीचा कोट म्हणजे दुबळा कोट, ही समजूतही येथेच दूर केली पाहिजे. 1805 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने भरतपूरला वेढा घातला, तेव्हा आत जाट राजा रणजितसिंह आणि त्याच्या आश्रयास आलेले यशवंतराव होळकर होते. दगडी तट तोफेच्या गोळ्याने तडकतो; भरतपूरच्या रुंद मातीत गोळे रुतून बसत आणि पडलेले खिंडार बचाव करणारे रातोरात भरून काढीत. चार हल्ले झाले, चारही फसले, आणि इंग्रजांची तीन हजारांहून अधिक माणसे पडली. 1826 साली तो किल्ला पडला तो तोफांपेक्षाही तटाखाली पेरलेल्या सुरुंगाने. होळकरांचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने या मातीचे ऋण मान्य केले पाहिजे.

आता तेवरकडे वळू. आपल्या शहराच्या पश्चिमेस भेडाघाटच्या वाटेवर जे तेवर गाव आहे तेच कलचुरींचे त्रिपुरी, म्हणजे गांगेयदेवाची आणि कर्णदेवाची राजधानी. 1939 च्या काँग्रेस अधिवेशनाने हे प्राचीन नाव पुन्हा साऱ्या देशाच्या तोंडी आले, परंतु त्रिपुरीचा इतिहास पायाशुद्ध झाला तो दोन मराठी विद्वानांच्या श्रमाने, आणि येथे त्यांचे स्मरण करणे माझे कर्तव्य आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे सारे लेख एकत्र करून 1955 साली दोन भागांत प्रसिद्ध केले; इ.स. 248-49 च्या सुमारास सुरू झालेल्या त्या संवताच्या आधारे राजांचा अनुक्रम निश्चित करण्याचे काम असे होते की त्यापुढे आजही नवख्याने नम्र व्हावे. आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1952 साली सागर विद्यापीठाच्या वतीने प्रत्यक्ष जमीन खणून, कलचुरींच्या थरांखाली सातवाहनकालीन वस्ती आणि बौद्ध विहार उजेडात आणले. मिराशींनी राजे लावून दिले, दीक्षितांनी थर लावून दिले. पुढे वाजपेयींच्या काळीही तिथे उत्खनन झाले.

आणि तरीही कर्णदेवाची राजधानी आपल्याला दिसत नाही. तिची वेस कुठे होती, हाट कुठे भरे, सैन्य कुठे राही, हे आपण सांगू शकत नाही. याचा दोष त्या उत्खनकांकडे मुळीच जात नाही. निरुंद खोल चर खणला की कालक्रम हाती लागतो, नगराचा विस्तार लागत नाही. विस्तारासाठी हेन डोमेनप्रमाणे सपाट, रुंद आणि अत्यंत सावकाश खणावे लागते, आणि त्यासाठी लागणारी वर्षे त्रिपुरीला मिळालेली नाहीत. दरम्यान त्रिपुरीचा दगड तर केव्हाच गेला. जबलपूरला 1867 मध्ये अलाहाबादकडून आणि 1870 मध्ये मुंबईकडून आगगाडी पोहोचली, आणि त्या काळात तेवरशेजारच्या करणबेलच्या अवशेषांतील घडीव चिरे रेल्वेच्या कंत्राटदारांनी बांधकामासाठी उचलून नेले. दगडाला बाजारात किंमत असते, म्हणून तो लुटला जातो. मातीला किंमत नव्हती, म्हणून ती राहिली. कलचुरींचे उरलेले नगर आज त्या मातीतच आहे.

त्याच कलचुरींची एक शाखा पूर्वेकडे गेली, प्रथम तुम्माण आणि मग रतनपूर येथे राहिली, आणि तिच्या राज्यात मातीच्या गढांची अशी काही दाटी आहे की दुसरीकडे क्वचितच आढळावी. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा, अशा छत्तीस गढांच्या परंपरेवरून त्या प्रदेशाला नाव पडले. 1741 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली रतनपूर घेतले, आणि पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1787 पर्यंत तिथून कारभार पाहिला. मराठी कमाविसदारांना जो मुलूख मिळाला त्यातील पुष्कळ ठाणी मातीच्या तटाची आणि रुंद खंदकाची होती. बिलासपूरजवळचे मल्हार हे त्यांतील फार प्राचीन. त्या मैदानी प्रदेशात खंदकाने संरक्षणाबरोबर तलावाचेही काम केले, आणि हे दुहेरी प्रयोजन लक्षात घेतल्यावाचून ते गढ समजणारच नाहीत.

महाराष्ट्राच्या हद्दीत सर्वांत बोलके स्थळ म्हणजे भंडारा जिल्ह्यातील पवनी. एका बाजूस वैनगंगा, उरलेल्या बाजूंस मातीचा विस्तीर्ण तट आणि त्याबाहेर खंदक, अशी या नगराची मांडणी आजही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांच्या वतीने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी येथे उत्खनन करून जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथील स्तूप उजेडात आणले. गावाला देवळे खूप, म्हणून यात्रेकरू येतात. तटावरून चालणारा मात्र विरळा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, त्या तटावरून एकदा सावकाश चालून पाहावे : दुपारच्या उन्हात सपाट भासणारी जमीन अशा वेळी आपली चढ-उताराची सारी रेघ उघड करते. वर्धा जिल्ह्यातील पवनार, जे मिराशींच्या मते वाकाटकांचे प्रवरपूर होय, तिथेही 1967 साली उत्खनन झाले. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमास जाणारे हजारो लोक त्या पुरातन टेकाडाच्या अगदी जवळून जातात.

आणि ही तर नावाजलेली स्थळे झाली. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात देशमुखांच्या, पाटलांच्या, जहागीरदारांच्या मातीच्या गढ्या गावोगाव आहेत. पेंढाऱ्यांची धाड आली की सारे गाव गुराढोरांसह जिच्या आत शिरत असे, ती गढी अनेक ठिकाणी स्वतःच एका जुन्या पांढरीवर उभी असते, म्हणजे अठराव्या शतकातील बुरुजाखाली दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे पडलेली असतात. आज या पांढरीलाच गिऱ्हाईक मिळाले आहे. धाब्यावर घालण्यासाठी घमेलेभर माती पूर्वीही नेत, आणि त्याने फारसे बिघडत नसे. आता यंत्राने खोदून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेतात टाकल्या जातात, रस्त्याच्या भरावात जातात. ज्या मातीला किंमत नसल्यामुळे ती वाचली असे मी त्रिपुरीच्या बाबतीत म्हटले, तिला किंमत आली आहे. शेतकऱ्यावर मी याचा ठपका ठेवीत नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही की त्याच्या गावचा हा एकमेव ताम्रपट आहे, आणि ज्यांनी सांगावयाचे ते आम्ही शहरात बसून राजवंशांच्या तारखांवर वाद घालीत राहिलो.

प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी 1904 चा आणि 1958 चा, असे दोन केंद्रीय कायदे झाले, राज्यांचेही आहेत; परंतु कायदा संरक्षण देतो ते यादीत चढलेल्या स्थळाला, आणि यादीत चढते ते बहुधा दगडी, शिल्पमंडित, डोळ्यांत भरणारे. मातीच्या उंचवट्याची नोंद कोण करणार? पुरातत्त्व खात्याला प्रत्येक मौजेपर्यंत पोहोचणे शक्य नाही, पण महाविद्यालयांना शक्य आहे. या कामाला उत्खनन नको, परवाना नको, मोठा निधी नको. गावचा भूमापन नकाशा, मोजपट्टी, चार विद्यार्थी आणि गावातील एखादा वृद्ध एवढे पुरे. उंचवट्याची लांबी-रुंदी, खंदकाचा माग, गट क्रमांक, गावकरी सांगतात ते नाव आणि हकीकत, माती कोणत्या बाजूने खणली जात आहे, एवढे टिपून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक तहसील कचेरीत आणि एक पुरातत्त्व खात्याकडे द्यावी. खापरे उचलू नयेत, खणू तर मुळीच नये. जबलपूर, मंडला, सागर, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतील इतिहासाच्या अध्यापकांनी येत्या हिवाळ्यात आपापल्या तालुक्यापासून या नोंदीस आरंभ करावा, आणि या नगरातील अध्यापकांनी पहिला नकाशा तेवर-करणबेलचा करावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.